युजर वाढायला लागले की क्लाउड लॉगिन कसं निवडायचं: ओटीपी, गूगल, पासकी आणि त्यामागचं सगळं

ॲप सुरू करताना लॉगिनवर कोणी फार डोकं लावत नाही. मोबाईल नंबर घ्या, ओटीपी पाठवा, झालं. पाचशे युजरपर्यंत ते चालतंही. पण तेच पन्नास हजारांवर गेलं की सपोर्टला रोज तेच फोन यायला लागतात, नंबर बंद झाला, फोन चोरीला गेला, ओटीपी येतच नाही, आणि तेव्हा कळतं की लॉगिनचं स्क्रीन हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग होता. माणसाचा नंबर बदलला, फोन गेला किंवा उद्या आपणच सर्व्हिस बदलली तर त्याचं खातं त्याच्याकडेच राहील का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते निवड तिथूनच सुरू करायला हवी.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. स्पर्धा परीक्षांचं ॲप आहे, एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी वगैरे. लातूर, नांदेड, कोल्हापूर, पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका असा सगळीकडचा युजर आहे. बहुतेकांकडे साधे अँड्रॉइड फोन, पैसे भरून टेस्ट सिरीज घेतलेली, आणि दोन-तीन वर्षांची तयारी त्या एका खात्यात साठलेली. तुमचं ॲप दुकानाचं, दवाखान्याचं किंवा सोसायटीचं असलं तरी विचार करायची पद्धत हीच.

आधी युजर कोण आहे ते कागदावर लिहा

प्रोव्हायडरची, म्हणजे लॉगिनची सेवा देणाऱ्या कंपन्यांची, पानं उघडण्याआधी हे करा. एक फोन घरात किती जण वापरतात? युजरला ईमेल आठवतो का? अँड्रॉइड असल्यामुळे गूगल अकाउंट बहुतेकांकडे असतं, पण ते मोबाईलच्या दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो, ही गावाकडे अगदी नेहमीची गोष्ट आहे. युजर किती वेळा फोन बदलतो? १८ वर्षांखालचे किती? मग खात्यात चोरण्यासारखं काय आहे ते लिहा, नुसते टेस्टचे मार्क, की पैसे, कागदपत्रं, पत्ता, जातीचा दाखला?

रोलसुद्धा वेगळे काढा. विद्यार्थी, शिक्षक, सपोर्टवाला आणि ॲडमिन या चौघांना एकच लॉगिन पद्धत लावू नका. विद्यार्थ्याचं खातं गेलं तर एकाचं नुकसान, ॲडमिनचं गेलं तर सगळ्यांचं. आणि उद्या एखादी मोठी संस्था म्हणणार असेल की आमचे शिक्षक आमच्याच मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल वर्कस्पेसच्या खात्याने आत येतील, तर सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट (एका संस्थेच्या खात्याने दुसऱ्या ॲपमध्ये येऊ देणाऱ्या पद्धती) लागणार हे आजच लिहून ठेवा, कारण बऱ्याच प्रोव्हायडरकडे याच गोष्टीला सगळ्यात जास्त पैसे पडतात.

ओळख वेगळी, आत यायचं साधन वेगळं

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मोबाईल नंबरला युजरची ओळख बनवू नका. भारतात बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही हेच सांगितलं होतं. म्हणजे तुमचा जुना विद्यार्थी रिचार्ज न केल्यामुळे नंबर गमावतो, काही महिन्यांनी तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो, तो तुमचं ॲप टाकतो, ओटीपी येतो, आणि थेट जुन्या मुलाच्या खात्यात शिरतो. कोणी हॅक केलेलं नाही, सिस्टमने तिला सांगितलं तेच केलं.

म्हणून डेटाबेसमध्ये दोन टेबल ठेवा. एक युजरचं, त्यात तुम्ही स्वतः बनवलेला यूयूआयडी (पुन्हा दुसऱ्या कोणाला न येणारा लांब आयडी), तो जन्मभर बदलत नाही, आणि ऑर्डर, मार्क, सर्टिफिकेट सगळं त्यालाच जोडलेलं. दुसरं टेबल आत यायच्या साधनांचं: कोणती पद्धत, त्या पद्धतीकडून आलेला आयडी, कधी व्हेरिफाय झालं, शेवटचं कधी वापरलं. एका युजरला अशी तीन-चार साधनं असू शकतात, नंबर बदलला की जुनी ओळ बंद करायची आणि नवी जोडायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

गूगल लॉगिनमधून टोकन (लॉगिन झाल्याचा सही केलेला डिजिटल पुरावा) येतं त्यात ईमेल असतो आणि सब नावाचं एक फील्ड असतं, साठवायचं सब. ईमेल बदलू शकतो, सब बदलत नाही. ॲपल लॉगिनमध्ये युजर खरा ईमेल लपवून रिले पत्ता (आलेला मेल खऱ्या ईमेलवर पुढे पाठवणारा) देऊ शकतो, आणि नाव फक्त पहिल्याच वेळी मिळतं, तेव्हा साठवलं नाही तर पुढच्या लॉगिनला ते येतच नाही.

दोन खाती आपोआप जोडताना फार जपून. कोणीतरी दुसऱ्याच्या ईमेलने पासवर्डवालं खातं आधीच उघडून ठेवलं, ईमेल व्हेरिफाय केलाच नाही, आणि नंतर खरा माणूस गूगलने आला आणि तुम्ही ईमेल सारखा म्हणून दोन्ही जोडून टाकलं, तर पहिल्याचा पासवर्ड अजून चालतोय आणि तो आरामात आत बसलाय. म्हणून नियम असा की दोन्ही बाजू व्हेरिफाइड असतील तरच जोडायचं, नाहीतर युजरला आधी जुन्या पद्धतीने आत यायला लावायचं.

९० दिवसांचा आकडा इथे कामालाही येतो. खातं ९० दिवसांपेक्षा जास्त झोपलेलं असेल आणि नव्या फोनवरून फक्त ओटीपीवर लॉगिन येत असेल तर सरळ आत घेऊ नका, जुना ईमेल किंवा जोडलेलं गूगल असं आणखी एक काहीतरी मागा. ते नसेल तर नवीन रिकामं खातं द्या आणि जुनं सपोर्टमधून मिळवायची सोय ठेवा.

आता पद्धती, आणि ओटीपीवर जरा जास्त

आपल्याकडे ओटीपीला पर्याय नाही असंच वाटतं, आणि पहिल्या दिवसाच्या सोयीसाठी ते खरंही आहे. पण त्याच्याबरोबर काय काय येतं ते बघा.

पहिलं म्हणजे डीएलटी, टेलिकॉम कंपन्यांकडची एसएमएस नोंदणीची सिस्टम. भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर कंपनी, हेडर (मेसेज कोणाकडून आला ते दाखवणारं नाव) आणि मेसेजचा टेम्प्लेट तिन्ही रजिस्टर लागतात. ८ मार्च २०२१ ला टेलिकॉम कंपन्यांनी टेम्प्लेट तपासणी कडक केली आणि देशभर ओटीपी अडकले, बँकांचे, कोविनचे, सगळ्यांचे, शेवटी ट्रायला ती तपासणी सात दिवस थांबवावी लागली. टेम्प्लेटमध्ये एखादा शब्द बदलला तरी मेसेज मधेच गळतो, त्यामुळे डेव्हलपरने परस्पर मजकूर बदलायचा नाही हे टीमला ठणकावून सांगा. रजिस्ट्रेशनला वेळ लागतो, लाँचच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नका.

दुसरं खर्च. समजा ५०,००० युजर, प्रत्येकी महिन्याला ४ ओटीपी, म्हणजे २ लाख एसएमएस. भारतीय गेटवेकडून एक एसएमएस २० पैशांना धरला तर ४०,००० रुपये, परदेशी प्रोव्हायडरकडून तोच ८० पैशांना पडला तर १,६०,०००. हे दर फक्त गणितासाठी धरलेत, तुमचे कोटेशन घालून बघा. बिल कमी करायचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लोकांना सारखं सारखं बाहेर काढू नका, त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

तिसरं, एसएमएस पंपिंग. बॉट तुमच्या ओटीपीच्या बटणावर हजारो परदेशी महागडे नंबर टाकतात, एसएमएस जातात, त्या पैशातला वाटा तिकडच्या ऑपरेटरबरोबर साटंलोटं असलेल्यांना मिळतो, आणि बिल तुमच्या नावावर. युजर भारतातले असतील तर पहिल्याच दिवशी फक्त +९१ चालू ठेवा, गूगलच्या फायरबेसमध्ये एसएमएस रिजन पॉलिसी म्हणून सेटिंग आहे, इतर बहुतेकांकडेही असतं. दुबईत किंवा अमेरिकेत राहणारे मराठी युजर असतील तर तेवढेच देश उघडा. आणि रोजच्या खर्चाला मर्यादा आणि अलर्ट लावा, महिन्याअखेरच्या बिलाची वाट बघू नका.

चौथं, अंदाजाने ओटीपी मारणं. सहा आकडी म्हणजे दहा लाख शक्यता. एका ओटीपीला पाच प्रयत्न दिले तर नशिबाने लागायची शक्यता दोन लाखात एक, पण रीसेंड दाबल्यावर परत पाच मिळत असतील तर हा हिशोब कोलमडतो. म्हणून मर्यादा नंबरवर, डिव्हाइसवर आणि आयपीवर अशी तिन्हीकडे लावा, तासाला आणि दिवसाला वेगळी. नुसत्या आयपीवर लावून भागत नाही, २०१९ मध्ये एका भारतीय संशोधकाने इन्स्टाग्रामचा पासवर्ड रिसेट कोड पुष्कळ आयपीवरून एकाच वेळी प्रयत्न करून मोडता येतो हे दाखवलं आणि फेसबुकने त्याला ३०,००० डॉलर बक्षीस दिलं. उलट आपल्याकडे एका अभ्यासिकेच्या वायफायवर पन्नास पोरं एकाच आयपीवरून येतात, तेव्हा आयपीची मर्यादा फार आवळली तर खरे युजरच बाहेर राहतात. ओटीपी पाच मिनिटांत मेला पाहिजे, एकदाच चालला पाहिजे, आणि ज्या डिव्हाइसने मागितला त्याच्यावरच चालला पाहिजे.

एवढं करूनही ओटीपी फिशिंगला थांबवत नाही. समोरच्याने फोनवर गोड बोलून मागितला आणि युजरने सांगितला की संपलं.

पासवर्ड. विद्यार्थ्यांसाठी मी ठेवणार नाही, पण जुन्या सिस्टममध्ये असेलच तर नीट ठेवा. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, कॅपिटल, चिन्ह, आकडा असली सक्ती करू नका, त्याऐवजी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. २०२५ च्या आवृत्तीत फक्त पासवर्डवर लॉगिन असेल तर किमान १५ अक्षरं म्हटलंय. ताडून बघायला हॅव आय बीन पोन्ड या साइटची सोय आहे, हॅशची (पासवर्डपासून बनवलेला, उलटा न फिरवता येणारा सांकेतिक मजकूर) पहिली पाच अक्षरंच पाठवायची असतात, त्यामुळे पासवर्ड बाहेर जात नाही. हे का करायचं ते २०२३ मधल्या २३अँडमी या जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणातून दिसतं: दुसरीकडे फुटलेले पासवर्ड वापरून साधारण १४,००० खाती उघडली गेली, आणि नातेवाईक शोधायच्या फीचरमुळे त्यातून ६९ लाख लोकांची माहिती गेली.

गूगल लॉगिन अँड्रॉइडवर एका टॅपचं काम आहे आणि एसएमएसचा खर्च शून्य, नक्की ठेवा. ॲपमध्ये वेबव्ह्यू (ॲपच्या आतलाच ब्राउझर) उघडून करायला जाऊ नका, गूगल ते अडवतं, अँड्रॉइडचा क्रेडेन्शियल मॅनेजर वापरा. आयफोन ॲपमध्ये गूगल किंवा फेसबुक ठेवलं तर ॲप स्टोअरच्या नियमानुसार प्रायव्हसी जपणारा आणखी एक पर्याय द्यावा लागतो, बहुतेक जण ॲपलचंच लॉगिन लावून मोकळे होतात.

आणि पासकी. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये एकत्र पाठिंबा जाहीर केला, अँड्रॉइड ९ पासून पुढे आणि आयओएस १६ पासून पुढे चालते, म्हणजे साध्या फोनवरही चालते. फोन आपल्याकडे एक गुप्त किल्ली ठेवतो, तुमच्या सर्व्हरकडे फक्त तिची सार्वजनिक जोडी असते, आणि ती किल्ली तुमच्या डोमेनलाच बांधलेली असते. खोट्या साइटवर युजर गेला तरी फोन ती देतच नाही, युजरला ओळखायची गरजच पडत नाही. सर्व्हर फुटला तरी सार्वजनिक किल्लीचा चोराला उपयोग नाही.

पण डोमेन नीट ठरवा. पासकी ॲपच्या सबडोमेनला न बांधता मुख्य डोमेनला बांधा, म्हणजे उद्या वेगळं पोर्टल काढलं तरी तीच चालेल. आणि ब्रँडचं नाव बदलायचा विचार असेल तर तो आधी उरकून घ्या, कारण पासकी जुन्या डोमेनवरून नव्यावर उचलून नेता येत नाहीत.

आपल्या उदाहरणात मी असं लावीन: पहिल्यांदा ओटीपी किंवा गूगल, लॉगिन झाल्या झाल्या "पुढच्या वेळी फिंगरप्रिंटने या" म्हणून पासकीचा प्रस्ताव, नाही म्हटलं तर काही दिवसांनी परत. शिक्षकांना गूगल आणि त्यावर पासकी. ॲडमिनला आणि सपोर्टला पासकी सक्तीची, ओटीपी अजिबात नाही, आणि प्रत्येकाकडे दोन, एक फोनवर आणि एक वेगळ्या हार्डवेअर कीवर (यूएसबी पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण).

प्रोव्हायडर

फुकट मर्यादा सगळ्यांच्या वेगळ्या आणि बदलत राहतात. हे लिहिताना माझ्या माहितीप्रमाणे फायरबेसच्या आयडेंटिटी प्लॅटफॉर्मला महिन्याला ५०,००० ॲक्टिव्ह युजर, ऑथझिरोला २५,०००, ॲमेझॉन कॉग्निटोला १०,०००, पण सही करण्याआधी त्यांच्या पानावर आजचा आकडा बघा. फुकटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर दोन लाख युजरला किती, आणि एसएमएस, एमएफए (लॉगिनला दुसरा पुरावा मागणं), सॅमल त्यात धरलंय की वेगळं.

मी मात्र प्रत्येकाला पहिला प्रश्न बाहेर पडायचा विचारतो. फायरबेसमधून पासवर्डचे हॅश काढता येतात, त्यांची पद्धत एसक्रिप्ट (scrypt) या हॅश पद्धतीवर आधारलेली आहे आणि पॅरामीटर मिळतात. ऑथझिरोत सपोर्टकडे मागावे लागतात आणि फ्री प्लॅनवर मिळत नाहीत. कॉग्निटोतून हॅश निघतच नाहीत, बाहेर पडायचं तर सगळ्यांना पासवर्ड रिसेट. सुपाबेसमध्ये युजर पोस्टग्रेसच्या टेबलमध्येच असतात, हॅशसकट. पासवर्ड ठेवलाच नाही तर हा त्रास बराच कमी होतो, हेही ओटीपी, गूगल आणि पासकीच्या बाजूने एक मोठं कारण आहे. पासकीच्या सार्वजनिक किल्ल्या एक्सपोर्ट होतात का तेही लेखी विचारा. हे सगळं उगाच नाही, मायक्रोसॉफ्टने अझूर एडी बीटूसी ही आपली लॉगिन सेवा १ मे २०२५ पासून नव्या ग्राहकांना देणं बंद केलं, एवढी मोठी कंपनीसुद्धा प्रॉडक्ट बदलते.

कॉग्निटो घेणार असाल तर आणखी एक, यूजर पूल (तुमच्या युजरची यादी) बनवताना कोणत्या गोष्टीने साइन इन होणार आणि कोणतं फील्ड सक्तीचं हे एकदाच ठरतं, नंतर बदलत नाही. घाईत क्लिक करू नका. आणि एका सेकंदाला किती लॉगिन झेपतील याची डिफॉल्ट मर्यादा १२० असते, वाढवून मागता येते. निकालाच्या दिवशी, हॉल तिकीट आलं त्या दिवशी सगळे एकदम येतात, त्यामुळे ही मर्यादा कोणताही प्रोव्हायडर असला तरी आधी विचारून ठेवा.

किक्लोक हा स्वतः चालवायचा पर्याय, ओपन सोर्स, सॅमल वगैरे सगळं येतं आणि युजरमागे पैसे नाहीत. पण सिक्युरिटी अपडेट आले की त्याच आठवड्यात लावणारा, डेटाबेसचा बॅकअप बघणारा आणि रात्री दोनला उठणारा माणूस टीममध्ये असेल तरच. दोन-तीन जणांची टीम असेल तर नको, मी स्पष्ट सांगतो.

मोठा प्रोव्हायडर घेतला म्हणजे काळजी संपली असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टा या मोठ्या लॉगिन प्रोव्हायडरची सपोर्ट सिस्टम फुटली, ग्राहकांनी तक्रारीबरोबर जोडलेल्या हार फाइल्समध्ये (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद) चालू सेशनचे टोकन होते आणि ते वापरले गेले. त्यातून घ्यायचं ते अगदी साधं: कोणत्याही सपोर्ट तिकिटाला हार फाइल जोडण्याआधी त्यातल्या कुकी आणि टोकन काढून टाका, आणि हा नियम टीमला लेखी द्या.

टोकन आणि सेशन

ॲक्सेस टोकन (प्रत्येक विनंतीबरोबर जाणारं) छोटं, १० ते १५ मिनिटांचं, रिफ्रेश टोकन (ते संपल्यावर नवं ॲक्सेस टोकन आणणारं) मोठं आणि प्रत्येक वापरानंतर बदलणारं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर रिफ्रेश ६० किंवा ९० दिवस ठेवायला हरकत नाही, ओटीपीचं बिल इथेच उतरतं. सायबर कॅफेतल्या ब्राउझरवर मात्र काही तासच. पैसे भरताना, नंबर बदलताना किंवा नवी पासकी जोडताना सेशन चालू असलं तरी परत ओळख विचारा.

फायरबेसचं आयडी टोकन तासभर जिवंत असतं. तुम्ही एखाद्याचं ॲडमिनपद काढलं किंवा खातं ब्लॉक केलं तरी हातात असलेलं टोकन तो तास संपेपर्यंत चालू शकतं, म्हणून महत्त्वाच्या एपीआयवर (ॲप सर्व्हरशी बोलतं तो मार्ग) टोकन रिव्होक, म्हणजे रद्द, झालंय का ते वेगळं तपासा. सर्व्हरवर टोकनची सही, कोणी दिलं, कोणासाठी दिलं, कधी संपतं हे चारही तपासा, "कोणासाठी" हे सर्रास राहून जातं. ब्राउझरमध्ये टोकन लोकल स्टोरेजमध्ये टाकू नका, एचटीटीपीओन्ली कुकीत (पानावरच्या स्क्रिप्टला वाचता न येणारी) ठेवा, मोबाईलवर फोनच्या सुरक्षित कीस्टोर किंवा कीचेनमध्ये.

खातं परत मिळवायची वाट

पुढचं दार कितीही भक्कम केलं तरी चोर सपोर्टच्या खिडकीतून येतो. "सर नंबर गेला, हा नवा टाका" असा फोन आला आणि सपोर्टवाल्याने दयेपोटी टाकला, की पासकी, ओटीपी सगळं वाया. म्हणून सपोर्टच्या स्क्रीनवर नंबर बदलायचं बटणच ठेवू नका, विनंती नोंदवायचं ठेवा. विनंती आली की जुन्या नंबरवर, ईमेलवर आणि ॲपमध्ये सूचना जाते, दोन दिवस थांबायचं, पेमेंटचा ट्रान्झॅक्शन आयडी किंवा नोंदणीची माहिती जुळवायची, आणि मंजुरी दुसऱ्या माणसाने द्यायची. परीक्षा उद्यावर असलेल्या मुलाला दोन दिवस हा फार मोठा काळ असतो, त्याच्यासाठी तात्पुरता प्रवेश द्या, टेस्ट देता येईल पण प्रोफाइल, नंबर आणि पेमेंट बदलता येणार नाही असा. आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं मात्र बंद करा, ते सांभाळायची जबाबदारी उगाच अंगावर येते.

कायद्याचं थोडक्यात

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. लॉगमध्ये युजर आयडी, वेळ, आयपी, पद्धत, निकाल हवा, ओटीपी आणि टोकन कधीच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दहावी-बारावीची पोरं तुमच्याकडे असतील तर हे साइनअपच्या फ्लोमध्येच बसवा, नंतर चिकटवायला फार जड जातं.

जुन्यावरून नव्यावर जाताना

सगळ्यांना एका रात्रीत हलवू नका. युजर जुन्या पद्धतीने लॉगिन करेल तेव्हाच त्याला मागच्या मागे नव्या सिस्टममध्ये तयार करा, त्याला काही कळायचीही गरज नाही, कॉग्निटोमध्ये यासाठी मायग्रेशन ट्रिगर आहे, ऑथझिरोतही अशी सोय आहे. आधी टीम, मग थोडे युजर, आणि रोज तीन आकडे बघा: ओटीपी मागणाऱ्यांपैकी किती जण आत पोचले, ओटीपी यायला किती सेकंद लागले, आणि लॉगिनच्या तक्रारी किती. हे टेलिकॉम कंपनीनुसार वेगळं काढा, कारण एकाच कंपनीचे मेसेज अडकलेले असतात आणि सरासरीत ते दिसत नाही. परीक्षेच्या महिन्यात कुठलाही बदल करायचा नाही.

बहुतेक चालू युजर आले की उरलेल्या झोपलेल्या खात्यांना ९० दिवसांचा वरचा नियम लावा. मग जुनी लॉगिन एपीआय बंद करा, जुन्या टेबलमधले पासवर्ड हॅश पुसा, आणि बॅकअपमध्ये ते किती दिवस राहतात ते तपासून तिथूनही जायची तारीख लिहून ठेवा.